जयवंतीचा कॅमेरा

अठ्ठेचाळीस साली जयवंतीची आई अत्यवस्थ असल्याचा निरोप तिच्या सासरी, वटारला आला, तेव्हा वाडीत केळीचे घड उतरत होते. हरिश्चंद्राने बायकोला माहेरी जाऊ दिलं नाही. जयवंतीला आईचं शेवटचं तोंडही दिसलं नाही.

आईने तिच्यासाठी ठेवलेले थोडे पैसे आले, तसा तो म्हणाला, "विहिरीला नवा रहाट घालू." तिने मुंबईहून कॅमेरा मागवला आणि हौसेने अख्ख्या गावाचे फोटो काढले. हरिश्चंद्रही दर दिवाळीला कोट घालून ऐटीत उभा राहायचा. दर वेळी ती सांगायची, "धुताना बिघडला."

तो वारल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, दादाचा बिघडलेला फोटोसुद्धा चालेल गं मला."

"नाही हो मंदावन्सं," जयवंती शांतपणे म्हणाली. "ते उभे राहिले की मी कॅमेऱ्यात रीळच घालत नव्हते."