निनावी वायर

सकाळी सव्वाअकराला सर्व्हर रूममध्ये नेटवर्कवाल्या काकांच्या हाती एक निळी वायर लागली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती आणि ती कुठे जाते, हे कोणालाच सांगता येईना.

गेल्या महिन्यात त्यांनी अशीच एक वायर उपटली, तेव्हा साहेबांची मीटिंग मध्येच बंद पडली होती. "तक्रारवहीत आणखी एक तक्रार दिसली, की तुमची बदली गोदामात," असं साहेबांनी तेव्हाच बजावलं होतं. पण बिनकामाच्या वायरी आजच काढा, हा हुकूमही साहेबांचाच.

"काका, राहू द्या ना ती," वही सांभाळणारी ऑपरेटर म्हणाली.

"अगं, वायर काढायची आणि कोण बोंबलतंय ते ऐकायचं. वीस वर्षं हेच करतोय. कोणी बोंबललं, की लगेच परत जोडायची!"

काकांनी वायर उपटली आणि ते तक्रारींच्या फोनकडे टक लावून बसले. पाऊण तास झाला तरी फोन हूं की चूं करेना.

"बघ, मेलेलीच होती," म्हणत काकांनी कात्रीने वायरीचे चार तुकडे केले.

तेवढ्यात पाच मजले उतरून साहेब धापा टाकत दारात आले. "अहो, पाऊण तास तुम्हाला फोन लावतोय! लागत का नाही?"

ऑपरेटरने रिसीव्हर कानाला लावला, काकांच्या हातातल्या तुकड्यांकडे पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला.

 

बारा वाजून पाच मिनिटांनी साहेबांनी तक्रारवही उघडली. आजच्या तारखेला तिच्यात एकही तक्रार नव्हती.