चारात एक

सुपारी फोडायला सगळे बसल्यावर मी लेकीच्या कानाचं मशीन काढून पाटावर ठेवलं. सासू म्हणजे माझी सख्खी आत्याच. मला सून करून घेतलं, आता धाकट्या मुलासाठी माझी धाकटी बहीण हवी होती. "आवं आत्या, मिरजेचे डॉक्टर सांगून दमले. जवळच्या नात्यात लगीन झालं आन् दोघांच्यात तोच दोष निघाला, तर चारात एक मूल बहिरं व्हायची भीती, तीबी दर बाळंतपणाला नव्यानं! आधी दोघांचं रक्त तरी तपासा." वडील विड्याची पानं पुसत राहिले. आत्या विचारात पडली. मला वाटलं, शिरलं एकदाचं डोक्यात. "चारात एकच नव्हं?" ती वडलांना म्हणाली, "मग झालं की, दादा! ते एक हिच्या पदरात पडलंय. आता धाकटीला कसलं भ्या?" वडलांनी बत्ता हाणला. खाडकन सुपारी फुटली. मांडीवरची लेक दचकलीसुद्धा नाही.