माळावरची अट

छबुबाईंनी माळ विकायला काढला तेव्हाच अट घातली, "कुणी कधीच बांधकाम करायचं न्हाई." माळावरून उतरणारं पाणी त्यांच्या विहिरीला येई; भिंत आडवी आली की विहीर मेली. रस्त्यांची कंत्राटं घेणारे विजयसिंह मेथीच्या जुडीसाठीसुद्धा हुज्जत घालणारे, पण ही अट ऐकताच म्हणाले, "लिव्हा की, मावशी!" छबुबाईंच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. रजिस्ट्री ऑफिसात अंगठ्याला शाई लागली, तरी त्यांची नजर विजयसिंहांच्या हातावर होती. माळावरचा तांबड्या मुरमाचा खडा ते बोटांत कुरवाळत होते. "टेकवा अंगठा, मावशी," ते म्हणाले. "थांबा. आणखी एक ओळ लिव्हा. बांधायचं न्हाई अन् खांदायचं बी न्हाई." विजयसिंहांची बोटं थांबली. "मग त्या माळाचं मी करू काय?" छबुबाईंनी त्यांच्या हातातला खडा काढून घेतला अन् शाईचा अंगठा त्यावरच पुसला.