दहाला एक

"हिऱ्या खुरानं कसा हाय, मामाजी? काल नाल तुम्हीच ठोकले ना?"

गुलाबने हे विचारले तेव्हा मोहगावच्या शंकरपटातली, बैलजोड्यांच्या शर्यतीतली, शेवटची फेरी तेवढी उरली होती. रामाजी धावेच्या कडेच्या दोरीला धरून उभे होते. चाळीस वर्षे बैलांना नाल ठोकलेला माणूस, पण जावयाच्या एका प्रश्नाला घाबरला.

"नाल मजबूत ठोकले," ते म्हणाले. "पण तुम्ही पैसे लावू नका, जवाईबुवा."

"काऊन?"

रामाजींनी छकड्याला जुंपलेल्या हिऱ्याकडे पाहिले. इतर बैलांना पाडून, पाय बांधून नाल ठोकावे लागत. हिऱ्या मात्र त्यांना उभ्याउभ्याच पाय देई. दर खिळ्याला ते त्याला सांगत, "एकच रे बापा, एकच!" आणि तो निमूट ऐकून घेई. काल मात्र पुढच्या डाव्या पायाला चिमटा लावताच त्याने पाय ओढून घेतला. खूर आतून दुखावला होता. "याले पळवू नका," रामाजींनी मालकाला, नत्थूजींना सांगितले. नत्थूजी म्हणाले, "उद्याच्या दिवस पळू द्या. आन् हे आपल्या दोघातच राहू द्या." रामाजींनी हिऱ्याच्या पाठीवर हात ठेवून शब्द दिला. खुरात दिसलेले खुरातच ठेवायचे, या एका गुणावर रामाकोन्यापासून सौंसरपर्यंतचे बैलवाले त्यांच्या दारी येत.

"कारण सांगा ना, मामाजी."

"कारण काय सांगू? सकाळपासून तुम्ही नावाजलेल्या जोडीवरच लावून राहिले. सहा फेऱ्या झाल्या. फायदा किती झाला?"

"सहातून पाच वेळा तेच जोडी आली!"

"पाच वेळा पन्नास-पन्नास भेटले. एक वेळ पाचशे गेले. मंग?"

गुलाब हसला. पाचाचा आनंद एवढा मोठा होता की एकाचे दुःख त्यात कुठल्या कुठे बुडून गेले होते. त्याने खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. ते फडके रामाजींनी ओळखले. त्यांच्या लेकीच्या, प्रमिलाच्या ब्लाउजच्या कापडाचे होते. दोन वर्षे शिवणकाम करून पोरीने तीस हजार साठवले होते. नर्सिंगची फी तेहतीस हजार आणि ती भरायची शेवटची तारीख सोमवार.

"तीनच हजार कमी हायेत," गुलाब म्हणाला. "हिऱ्या-पाखऱ्याचा भाव दहाला एक चालू हाय. तीस लावले का तीन आले. जामसांवलीच्या मारोतीनंच हिसाब जुळवून देल्ला. आन् नाल तर तुम्ही ठोकले!"

"जवाईबुवा, ऐका..."

पण तो पैजा घेणाऱ्या अंकुशकडे पोचलासुद्धा. रामाजी त्याच्यामागे दोन पावले गेले आणि थबकले. पलीकडे छकड्याजवळ नत्थूजी उभे होते आणि थेट त्यांच्याकडेच पाहत होते.

झेंडी पडली.

हिऱ्या-पाखऱ्या सुटले ते सुसाट. शेजारच्या धावेवर पांढुर्ण्याची एक नवीच जोडी होती, तिचे नावही लोकांना नीट ठाऊक नव्हते. अर्ध्या वाटेपर्यंत ती दोन हात मागे होती. मग हिऱ्याची मान एकदम खाली गेली. छकडा डावीकडे कलला. छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याने ओरडून ओरडून घसा फोडला, पण पाखऱ्या एकटा किती ओढणार? नवी जोडी बरोबरीला आली आणि वीतभर पुढे गेली.

गुलाब दोरीशी परत आला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मामाजी," एवढेच तो म्हणाला आणि त्याने सासऱ्याचा दंड घट्ट धरला.

छकडा समोर आला. का कोण जाणे, रामाजी दोरीवरून अर्धे बाहेर वाकले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "एकच रे बापा! एकच! एकच!"

एवढ्या गलक्यात हिऱ्याचा कान वळला. ओळखीचा आवाज होता तो. त्याने मान उचलली, दुखरा पाय दाणकन मातीत रोवला, मग पुन्हा रोवला. शेवटच्या दहा हातांत तो काय पळाला, ते मोहगाव पुढे कितीतरी दिवस सांगत राहिले.

हिऱ्या-पाखऱ्याच आले.

खरे सांगायचे तर रामाजींना आनंद झाला. डोळ्यांत पाणी येण्याइतका झाला. लाज नंतर वाटली, गर्दी पांगू लागल्यावर.

नत्थूजींचा माणूस धावत आला. "रामाजी, चिमटा घेऊन चला. नाल काढा लागते."

हिऱ्या बाभळीखाली तीन पायांवर उभा होता. डाव्या नालाच्या कडेने रक्त झिरपून मातीत काळे झाले होते. नत्थूजी दुसरीकडे पाहत विडी पेटवत होते. रामाजी खाली बसले. न सांगताच हिऱ्याने पाय पुढे केला.

गुलाबही मागोमाग आला. फडक्याची पुरचुंडी आता जरा फुगली होती. "प्रमिलाचं काम झालं, मामाजी! मी म्हणत नव्हतो? नावाजलेल्या जोडीले धरणारा कधी मरत नाही." तो बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पुढच्या आयतवारी पांढुर्ण्याले पट हाय. हिऱ्या पळन ना?"

रामाजींनी हिऱ्याचा पाय मांडीवर घेतला. नेहमीचे 'एकच रे बापा' ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्यांनी चिमटा लावला.

हिऱ्याने पाय ओढून घेतला नाही.