पाण्यातला साप

सौंसरच्या पुंडलिकरावांना सकाळीच मुलाचा, योगेशचा, रत्नागिरीहून फोन आला.

"बाबा, कोळ्यायचं जाळं ओढू लागलो होतो. त्यात साप होता, बोटाले चावला."

"दुखून राहिलं का?"

"नाही. सुई टोचल्यावानी झालं फक्त."

"सुजलं?"

"सूजही नाही. पण हे लोक दवाखान्यात चल म्हणून राहिले. गाडीही उभी आहे."

पुंडलिकराव हसले. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत निघणारे पाणसाप ते चाळीस वर्षं हातानं काढून फेकत आले होते. कुठं साप निघाला की गाव त्यांनाच विचारायचं.

"पाण्यातल्या सापाले जहर नसते रे. जहरी चावला असता तं आतापर्यंत हात सुजला असता. चहा पी अन् पडून राह्य."

दिवेलागणीला योगेशच्या मित्राचा फोन आला.

"काका, दुपारी त्याचं अंग आखडलं. मग पापण्या उघडेनात, मग श्वास. डॉक्टर म्हणाले, समुद्रातला साप नागापेक्षा विषारी असतो आणि त्याचा चावा दुखत नाही. सकाळी आणलं असतं तर वाचला असता. आम्ही किती सांगितलं, काका. तो एकच म्हणत राहिला, बाबांनी सांगितलंय."

शाळा, नोकरी, लग्न, कशातच योगेशनं कधी बापाचं ऐकलं नव्हतं.