एवढ्यात रिकामी कशी?

नासिरने पॉवर बँकेचं बटण दाबलं. चारपैकी एकही दिवा लागला नाही.

“परवाच उदगीरहून फुल्ल भरून पाठवली,” तो म्हणाला. “एवढ्यात मेली?”

“इथं लातुरात दिवसदिवस लाइट नसते,” वहिदा म्हणाली. “लेक्चर तर फोनवरच बघावं लागतं.”

उदगीरला नासिरचं मोबाइलच्या सामानाचं दुकान होतं. दोन वर्षांपासून तो तिथे एकटा राहत होता, खानावळीचं जेवत होता. त्याची बायको वहिदा बारावी सायन्स झालेली, म्हणून पोराच्या अभ्यासावर लक्ष ठेवायला तीच लातूरला खोली घेऊन राहिली होती. गेल्या वर्षी अनसचे मार्क डॉक्टरकीला पुरले नव्हते. उद्याची नीट ही शेवटची बारी. नाही जमलं तर खोली सोडायची आणि सगळ्यांनी उदगीर गाठायचं, असं ठरलं होतं.

अनस दाराशी उभा होता. त्याच्या बोटांवर भाजल्याचे डाग होते. नासिरने ते पाहिले.

“चार्जिंगला लावून गेम खेळून राहिला असशील. फोन तापणार नाही तर काय?” तो म्हणाला. “वीस हजार एमएएचची बँक हाय. फोनची बॅटरी पाच हजाराची. चार वेळा भरायला पाहिजे. हिशोब सरळ हाय.”

“सरळ नाही,” वहिदाने जांभई दाबली. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. “आतला सेल तीन पॉइंट सात व्होल्टचा. फोनकडे पाच व्होल्टनं पाठवायचं, तर मधलं सर्किट व्होल्ट वाढवतं. व्होल्ट वाढले की एमएएच घटणार. वरून थोडं उष्णतेत जातं. हाताला लागतात तेरा हजाराच्या आसपास. गिऱ्हाइकाला चार वेळा सांगत असाल तर ते भांडायलाच येत असणार.”

“येतातच की रोज,” नासिर म्हणाला. “पोरासंगं राहून तूबी मास्तरीण झालीस.”

अनस खाली बघून हसला.

घरमालकीण नागुबाई चहा घेऊन आली. भूकंपात गावाकडचं घर गेलं तेव्हापासून ती लातूरलाच होती. आता वरच्या खोल्या क्लासच्या पोरांना देत होती.

“भाऊ, लेकरू लई गुणाचं हाय तुमचं,” ती म्हणाली. “आईला इकडची काडी तिकडं करू देत न्हाई. आमच्या नातवाला, दोड्याला, शिकवा म्हणावं जरा.”

“अन् अभ्यास?”

“त्याला काय कमी? खोलीतनं दिवसभर मास्तरचा आवाज येतो की.”

नासिरला बरं वाटलं. तो भिंतीला टेकून बसला.

“हे बघ वहिदा,” तो हळू म्हणाला, “मला आता एकट्यानं होत नाही. उद्या काय ते एकदाचं होऊ दे.”

“मलाबी तेच पाहिजे,” वहिदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा केंद्रासमोर ऊन नुसतं भाजत होतं. आईबाप सावली धरून उभे होते. फाटकाशी मुलांची एक रांग होती, मुलींची एक. वॉचमन ओरडत होता, “घड्याळ, कानातलं, बांगड्या, सगळं बाहेर ठेवा! मागून माझ्याशी हुज्जत नको!”

अनसच्या हातात प्रवेशपत्राची पारदर्शक पिशवी होती. नासिरने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“जा बेटा. घाबरू नको. नाही झालं तर दुकान हायच की.”

“मला दुकानच चालंल, अब्बा,” अनस म्हणाला. तो जागचा हलला नाही.

त्याने पिशवी वहिदाच्या हातात दिली आणि ओंजळ पुढे केली. आतल्या प्रवेशपत्रावर तिचाच फोटो होता. वहिदाने कानातले झुमके काढून तिच्यात ठेवले, बांगड्या उतरवल्या आणि ती मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिली.