अर्ध्या ओळीवरची दाद

नैरोबीच्या कवितांच्या मैफलीत ओळ आवडली, की चुटक्या वाजवून दाद देतात. आयर्लंडमध्ये पोर्टलीशच्या घरात विभावरीसोबत राहणारी केनियन नर्स अचिएंगही विभावरीच्या कवितांना तशीच दाद द्यायची. पण मराठीचं ओ की ठो कळत नसल्यामुळे तिची चुटकी नेमकी अर्ध्या ओळीवर पडायची.

"अगं बाई, ओळ तरी संपू दे!" विभावरी करवादायची.

जानेवारीत कोविडने अचिएंगला नेलं. मार्चमध्ये नैरोबीच्या मित्रमंडळींनी तिच्या आठवणीत झूमवर मैफल ठेवली. बाकी सगळ्यांचे माइक बंद झाले आणि रिकाम्या घरात विभावरी मराठी कविता वाचू लागली.

"सॉरी," सूत्रसंचालकाने मध्येच अडवलं, "तुमच्या मागे चुटक्या कोण वाजवतंय? वाचूच देत नाहीये तुम्हाला."

विभावरीने मागे वळून पाहिलं नाही.



"वाजवू दे. तिला मराठी येत नाही."